सतरा मीटर चाळीस

रबाळ्याला, एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर
बारा वर्षं बंद पडलेली रंगांची कंपनी.
आम्हाला फक्त माप घ्यायचं होतं.
पाडायच्या आधी सगळं एकदा मोजतात.

मी, इरफान मुकादम,
आणि लाल ठिपका फेकणारं हातातलं यंत्र.
ठिपका जिथं अडतो तिथवरचं अंतर
ते आकड्यात सांगतं.
खोटं बोलायची सोय त्यात दिलेली नाही.

गेटवरचे मढवीकाका किल्ल्या देताना म्हणाले,
"तलघरात मी दिवा नेत नाय.
दिवा नेला का मग बगावं लागतं."
आम्ही हसलो.
कामावर आलेली माणसं हसतात तेवढंच.

इरफानने बावीस पायऱ्या मोजल्या, मी तेवीस.
त्यावर वाद घातला नाही.

खाली पिंपं. त्यांच्या पोटावरून ओघळून
तिथंच सुकलेला निळा रंग.
एक उलटी चप्पल, डाव्या पायाची.
भिंतीवर पाळ्यांचा तक्ता:
पवार, डिसोझा, ठाकूर ए., ठाकूर बी.,
पुढची नावं ओलीने खाल्लेली.
वर रस्त्यावरून कंटेनर गेला की
तक्ता किंचित हलायचा,
आणि तो गेल्यावरही थोडा वेळ हलत राहायचा.

यंत्र भिंतीला टेकवलं.
समोरची भिंत टॉर्चमध्ये स्वच्छ दिसत होती,
मध्ये काही नाही, नुसती फरशी.
नकाशात एक्केचाळीस मीटर वीस.
यंत्रात
सतरा मीटर चाळीस.

परत. सतरा अडतीस.
इरफानने शर्टाच्या टोकाने काच पुसली.
सतरा चाळीस.
बॅटरी बदलली.
सतरा अडतीस.
चाळीस.
अडतीस.
"धूळ असेल," तो म्हणाला.
"असेल," मी म्हणालो.
लाल ठिपका समोरच्या भिंतीवर नव्हता
हे दोघांनी पाहिलं होतं.

मग लोखंडी टेप काढली, जुनी, गंजलेली.
टोक धरून इरफान चालत गेला अंधारात.
सतराच्या आसपास तो जरासा डावीकडे झाला,
अरुंद जिन्यात समोरच्याला वाट द्यावी तसा,
आणि पुन्हा सरळ.
पलीकडून ओरडला,
"एक्केचाळीस वीस! बरोबर आहे!"
टेप ताठ होती, कुठंही अडली नव्हती.

नंतर विचारलं, का रे वळलास?
म्हणाला, कुठं? मी तर नाकासमोर गेलो.

वर आलो तेव्हा ऊन इतकं साधं होतं
की लाज वाटली.
टपरीवर कटिंग घेतला, पावभर शेंगदाणे.
दिघ्याचा डोंगर जागच्या जागी होता.
किल्ल्या परत घेताना मढवीकाकांनी विचारलं,
"किती भरला?"
भरलं नाही. भरला.
मी एक्केचाळीस वीस सांगितलं.
त्यांनी किल्ल्या एकेक करून मोजल्या
आणि माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

त्या रात्री, कोपरखैरण्याला,
कृत्तिका माझ्या शेजारी झोपली होती.
तीन वर्षांची, ताप नुकता उतरलेला,
म्हणून हात तिच्या छातीवर.
पंख्याचा आवाज, खाडीकडून येणारा
तो रोजचा केमिकलचा वास.
छाती वर येत होती, खाली जात होती.
वर.
खाली.
किती, असा काही मी विचार करत नव्हतो.
हातालाच ते आधी कळलं:
फार नाही,
दोनेक सेंटिमीटर.

मी हात काढून घेतला.
मग पुन्हा ठेवला, कारण ती चाळवली.

सकाळी अहवाल भरला.
लांबी: ४१.२०. रुंदी: १८.६५. उंची: ३.१०.
शेवटी शेरा नावाचा एक रकाना असतो.
सगळे त्यात एकच लिहितात,
मीही शंभर वेळा लिहिलंय: जागा रिकामी आहे.
साहेबांनी फोनवरून विचारलं, तो का कोरा?
मी म्हटलं, राहून गेलं.
त्यांनी स्वतःच्या पेनने भरला.