जागा दुर्गम

रिवणच्या अलीकडे, जिथं खनिजाचे ट्रक तोलून सोडत,
त्या काट्याच्या खोलीत आता आमचा वर्ग भरतो.
खाण बंद. काटा गंजून एकाच आकड्यावर अडकलाय:
सोळा टन दोनशे.
कुष्टा वेळीप म्हणतो, ट्रक माझ्या बाबाचाच असणार,
त्याचं सगळंच तिथं अडकलंय.

मी वीजखात्यातला निवृत्त लायनमन.
पंचायतीनं विचारलं, पोरांना सौर शिकवाल का.
पेन्शनीत दिवस सरत नव्हता, हो म्हटलं.
पोरं नऊ. त्यांतली पाच दहावीला अडलेली.
एक जोवितो, त्याची आई मडगावात चार घरची भांडी घासते
आणि तो रोज सांगतो, मी बोटीवर जाणार.
आणि वरच्या धनगरवाड्यावरून दीड तास उतरून येणारी
सगुणी झोरे,
दोन पायांत दोन जातींच्या चपला.

मी म्हटलं, पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल पंधरा अंश.
सगुणी म्हणाली, पंधरा म्हणजे किती?
फळ्यावर काढून दाखवलं. तिची मान हलेना.
मग तीच म्हणाली, दुधाचा कॅन पाठीला लावून
चढणीला वाकतो आपण, तेवढं?
वाकायला लावून मोजलं. सतरा.
म्हटलं, कॅन जरा कमी भर.

अधिक-उणे उलटं जोडलं तर काय जळतं, ते शिकवलं.
छपरावर आधी दोरी, मग शहाणपण.
तांबडी धूळ अजून उडते इथं,
ती काचेवरून पाण्यानं उतरवायची,
कोरड्या फडक्यानं ओरखडे पडतात.
मीटरवर पहिल्यांदा आकडा उसळला
तेव्हा कुष्टा हाताची सावली धरायचा, काढायचा, पुन्हा धरायचा.
आकडा पडायचा, उठायचा.
बापाच्या ट्रकनं त्याचं कधी ऐकलं नव्हतं.

पहिलं काम आलं ते धनगरवाड्याचंच. सात घरं.
तिथं खांब कधी पोचला नाही.
का पोचला नाही, मला ठाऊक होतं.

सत्त्याण्णव साली सर्व्हेला मलाच पाठवलेलं.
अर्ध्या वाटेत, ओहळाशी, एका दगडावर बसलो,
डबा खाल्ला,
आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं:
जागा दुर्गम. लाइन शक्य नाही.
खाली सही. फार वळणदार होती तेव्हा माझी सही.

त्याच वाटेनं पोरांनी पॅनेलं डोक्यावरून नेली,
खाली चुंबळ, सगुणी पुढं.
जोवितोला बोटीचं बोलावणं आलं होतं,
तरी दोन दिवस जास्त राहिला, बॅटरी त्यानंच वाहिली.
ओहळाशी सगळे पाणी प्यायला थांबले.
दगड तिथंच होता.
मी उभाच राहिलो.

संध्याकाळी सगुणीनं बटण दाबलं.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
शेरडं रानातून परतली, वाड्याच्या दारात थबकली,
आत जाईनात.
सगुणीची आई काठी घेऊन उठली.
थांब गे, म्हणत सगुणीनं दिवा मालवला.
काळोखात एकेक आत शिरलं, गळ्यातली घंटी वाजवत.
मग तिनं पुन्हा लावला, हळूच,
जणू बटणालाही झोप असते.

अहवालाचा कागद तिनं भरून आणला.
जोडणी करणारी: सगुणी झोरे.
तपासणारा: रिकामी जागा.
पेन तिनं माझ्या हातात दिलं.
तेव्हा मी तिला त्या दगडाचं सांगितलं,
डब्याचं सांगितलं, त्यात बांगड्याची आमटी होती तेही.

ती बराच वेळ दिव्याभोवतीचे किडे बघत राहिली.
मग म्हणाली,
सर, आधी वर चढून सगळं तपासा.
सही मग.

मी शिडी मागितली.