दाताच्या कण्या

बांबोळीच्या टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर,
सहा नंबरच्या खुर्चीपाशी
मी बावीस वर्षं तेच सांगतेय:
कीड दिसते. झीज विचारावी लागते.

चौथ्या वर्षाची मुलं. हातमोजे नवे, आरसे नवे,
हातात मी बनवलेला दोन पानी तक्ता:
आंबट किती, कितीदा, जेवणासोबत की नुसतंच,
मशेरी आहे का, ब्रश कडक की मऊ,
रात्री पोटातलं आंबट वर येतं का.
तळाला तीन चौकोन: कमी, मध्यम, जास्त.
मुलं थेट चौकोनांवर जातात,
पुलावरून नदीकडे न बघता जावं तशी.

"सोलकढी पिता?" रोहिदास विचारतो.
अरे, गोव्यात हा काय प्रश्न झाला?
विचार, लगेच गिळतात की तोंडात घोळवतात.
विचार, एप्रिलात काजूच्या बागेत
दिवसभर बोंडू चोखत राबतात का,
आणि घरी पोचल्या पोचल्या
खसाखसा दात घासतात का, चांगल्या सवयीने.
चांगल्या सवयींनीही माणूस झिजतो.
मुलं हे लिहून घेतात.
परीक्षेत येईल असं वाटतं त्यांना.

काल ज्योव्हिनाच्या खुर्चीत
वेळग्याचे तुळशीदास मळीक.
वय एकावन्न. खाणीवर ट्रक होता.
आता तो माडाखाली उभा आहे, चाकांत गवत.
सुळे सपाट. दाढांच्या माथ्यावर
पिवळी, उथळ डबकी.
ज्योव्हिनाचा तक्ता मात्र स्वच्छ:
आंबट नाही, मशेरी नाही, जळजळ नाही.
खूण: कमी.

मग हे दात गेले कुठे, मी विचारलं.
"धूळ, मॅडम. खनिजाची लाल धूळ, वीस वर्षं."
उत्तर चांगलं होतं. धूळही दळतेच.
पण कडा बघ, म्हटलं, कशा चकाकतात.
खाण बंद होऊन किती वर्षं झाली?
हे काम अजून चालू आहे.

दाराशी पिशवी धरून एक बाई उभी होती.
तिला कोणी बसायला सांगितलं नव्हतं,
विचारलंही काही नव्हतं.
ज्योव्हिना वळली. पहिल्यांदाच.
"रातचे दांत खातात ते," शेवंती म्हणाली.
जात्यावर कोणी नाचणी दळतंय
असं वाटून जाग येते तिला.
पहिला हप्ता चुकला त्या महिन्यापासून.

तुळशीदास दिव्याकडे बघत राहिले.
बँकेत, पंचायतीत, कंपनीच्या फाटकावर
दिवसा दाताच्या कण्या केल्या त्यांनी.
रात्री, उरलेल्या.

तक्त्यात याला रकाना नव्हता.
ज्योव्हिनाने समासात लिहिलं:
शेजारी झोपणाऱ्याला विचारणे.
मी आज सकाळी तो छापून घेतला,
प्रश्न पंधरावा.

वर्गात मुलं सतरा.
एकमेकांचे दात तपासा म्हटलं की एक उरतं.
आज ज्योव्हिना उरली,
म्हणून मीच खुर्चीत आडवी झाले.
हात हलका आहे तिचा.
"मॅडम, वरचा डावा सुळा," म्हणाली
आणि पुढचं आत ठेवलं.
मग क्रमाने विचारत गेली. कॉफी. लिंबूपाणी. ब्रश.
पंधराव्यावर पेन थांबलं.

मी तोंड उघडंच ठेवलं.
या खुर्चीत तेवढी सोय असते.

तिने बारीक अक्षरात लिहिलं:
माहिती द्यायला कोणी नाही.
तिन्ही चौकोन मोकळे सोडले,
खाली तारीख घातली,
सहा महिन्यांनी पुन्हा बघणे,
आणि कागद माझ्यापुढे धरला,
शिक्षकांची सही असते तिथे बोट ठेवून.