माईक सोडायचा नाही

पहिल्याच दिवशी शिकवलं होतं:
माईक कुणाच्या हातात द्यायचा नाही.
माणसाच्या तोंडापाशी धरायचा, वीतभर अंतरावर,
अंगठा बटणावर,
आणि चेहरा असा, जणू तू त्याची पुतणीच.

मेन राज्यातलं नदीकाठचं गाव.
कागदाची गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली,
तरी वारा फिरला की लोक नाक मुरडतात,
सवयीनं. वास कधीच गेला.
बंब बाहेर बर्फात काढून
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मांडलेल्या घडीच्या खुर्च्या,
मागच्या चार ओळी आम्हीच उचलून ठेवल्या,
फोटोत रिकामं दिसू नये म्हणून.
कोपऱ्यात काकवीत शिजवलेल्या घेवड्याचं पातेलं.

ओमेर पेलेटिए. यादीत नाव होतं,
नावापुढे लाल खूण
आणि कीगनच्या अक्षरात:
बायको, नर्सिंग होम. टाळा.

तरी मी त्याच्याकडेच गेले. का, ते विचारू नका.
हात वर केला तेव्हा त्याची बाही घसरली
आणि मनगटावर दोन घड्याळं दिसली,
एक त्याचं, एक बायकी,
दोन्ही चालू.

"तुमच्या मतानं ते घर बंद झालं," तो म्हणाला.
"लॉरेट तिथं चार वर्षं होती.
आता दोन तासांवर नेलीय,
तिथं आमची जुनी फ्रेंच कुणाला येत नाही,
आणि इंग्रजी ती विसरलीय.
मी तीन पत्रं लिहिली तुम्हाला.
तीन उत्तरं आली. तिन्ही एकच."

उमेदवारांनी मान डोलावली,
नेहमीसारखी, डावीकडून सुरू करून.
दारापाशी कीगन स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवत होता.

"तर माझा प्रश्न असा आहे, की"

अंगठा.
माझाच.

मग त्यानं माईक धरला.
उजव्या हाताची दोन बोटं गिरणीनं ठेवून घेतलेली,
उरलेली माझ्या बोटांवर, कोरडी, गरम.
झटापट म्हणावी इतकी नव्हती ती.
दोन मैत्रिणी हॉटेलात बिल ओढतात ना,
तेवढीच.

मारणाऱ्याचा हात धरता येतो,
बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही म्हणतात.
मला त्या तोंडाचाच पगार होता,
आठवड्याला सहाशे डॉलर, वर पेट्रोल.

"सोड, पोरी," तो म्हणाला, हळू, माझ्यापुरतं.
मी म्हणाले, "सर, आपण नंतर बोलू."

मग कीगन आला, आणखी एक जण आला,
खांद्यावर हात, एक खुर्ची पडली,
कुणीतरी ओरडलं, "लाज वाटू द्या!"
कुणाला, ते कळलं नाही,
दोन्ही बाजूंना वाटलं, समोरच्यांना.
उमेदवार म्हणाले, हेच लोकशाहीचं सौंदर्य,
आणि टाळ्या पडल्या. घेवडाही संपला.

कुणाच्या तरी फोनमध्ये त्यातले अकरा सेकंद आहेत.
त्यात मी हसते आहे.
मी हसत नव्हते हो,
तो पुतणीचा चेहरा काढायचा राहून गेला होता.

रात्री मोटेलमध्ये फॉर्म भरला.
इजा: नाही.
विचारलेला प्रश्न, या रकान्यात लिहिलं: अपूर्ण.
कीगननं खोडून केलं: लागू नाही.

आम्ही जिंकलो. फार नाही, पण जिंकलो.

आता मी बँगोरला एका दातांच्या डॉक्टरकडे फोन घेते.
पलीकडून कुणी म्हणालं, "एक प्रश्न होता माझा,"
की टेबलाखाली उजवा अंगठा आपोआप वाकतो.
मी तो मुठीत कोंबते
आणि म्हणते, बोला.
बहुतेक वेळा विचारतात,
शनिवारी उघडं असतं का.