फेब्रुवारीचं पान

थंडर बे, उणे सव्वीस.
खिडकीच्या अर्ध्या काचेपर्यंत बर्फ चढलाय
आणि हेल्मी चार डॉलर मोजून
बर्फ विकत घेते.

शेजारची कार्मेला हसता हसता खोकायला लागते:
"अगं, फावडं घे, माझ्या दारातला फुकट ने!"

हेल्मी चष्मा नाकावर सरकवते.
समोर वहीचा कागद, आर्वोच्या पुतण्यानं लिहून दिलेला:
झिप उघड. आतला फोल्डर उचल.
मग या फोल्डरातल्या त्या फोल्डरातल्या तिसऱ्या फोल्डरात ठेव.
गावाबाहेरचं घर सांगावं तसं,
पंप ओलांड, डावीकडे वळ, पुढे कुणालाही विचार.
इथे विचारायला कुणी नाही.
प्रोग्राम बंद कर. पुन्हा चालू कर.

करते.
त्याच जुन्या चौकटी, त्याच सावल्या,
तीच ती 'सोनेरी संध्याकाळ',
जिच्यात सगळ्यांना कावीळ झालेली दिसते.
बर्फाचा पत्ता नाही.

कागदाच्या पाठीवर, बारीक अक्षरात:
नाहीच दिसला, तर प्रोग्रामची आठवणीची फाइल पुसून टाक.
घाबरू नकोस. तो सगळं पहिल्यापासून मोजेल.
वेळ लागतो.
मध्येच हात लावू नकोस.

दोन वर्षं लोक तिला हेच सांगताहेत,
शब्द जरा वेगळे.

ती पुसते.
पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं निघते.
कॉफी होते, निवते.
कार्मेला कोट चढवून निघून जाते.
रस्त्यावरून बर्फ ओढणारा ट्रक जातो,
कपाटातल्या बश्या किणकिणतात,
पट्टी अजून निम्म्यावर.

क्लबच्या कॅलेंडरला बारा फोटो हवेत.
लॉर्न म्हणाला होता, फेब्रुवारी आर्वोचा.
एकतीस वर्षं, पहाटे पाचला,
पाठीवर पाण्याची टाकी घेऊन
आर्वो उलट्या पावलांनी चालायचा,
बर्फाच्या फरशीवर थेंब शिंपडत.
थेंब गोठायचे, कणीदार व्हायचे,
मग संध्याकाळी त्यांच्यावरून लोकांचे दगड सरसर जायचे
आणि टाळ्या दगडांना पडायच्या.
याचा फोटो नाही.
घरात कॅमेरा असलेलं माणूस एकच,
आणि ते पहाटे पाचला झोपलेलं असायचं.

म्हणून हा जुलैतला घेतलाय.
लाकडी धक्का, मागे सुपीरियर, हातात वीतभर मासा,
उन्हानं बारीक झालेले डोळे.

आला बर्फ!
यादीत सर्वांत खाली, इवल्याशा चौकटीत.
हेल्मी क्लिक करते.
दाट की विरळ, विचारतो. वारा कुठून, विचारतो.
ती वायव्येकडून लावते, इथला वारा तिला ठाऊक आहे.

पण विकतचा बर्फ आंधळा.
धक्क्यावर पडतो, सरोवरावर पडतो, माशावर पडतो,
आर्वोच्या तोंडावरही पडतो, गोवर आल्यासारखा.

बर्फाचा थर वेगळा असतो, पुतण्यानं सांगितलेलं.
वरचं खोड, खालच्या माणसाला धक्का लागत नाही.
ती ब्रश लहान करते,
कपाळावरून हळू फिरवते, मग गालावरून, मग मिशीवरून,
आणि मनगटाला आधीच माहीत असतं किती जोर लावायचा:
दारात उभा करून, हातमोज्याच्या पाठीनं,
मिशीत गोठलेला श्वास
ती रोज असाच झाडायची.

भुवईवर एक ठिपका राहिला.
ब्रश तिथे पोचला नाही म्हणा.
किंवा म्हणू नका.

क्लबात कॅलेंडर उलगडताना लॉर्न थबकतो:
"अर्ध्या बाह्यांचा शर्ट? एवढ्या बर्फात?"
हेल्मी कोटाची बटणं लावत असते.
"त्याला थंडी वाजायचीच नाही," म्हणते,
"त्याच्या वाटची मला वाजायची."

मार्चच्या पानावर लॉर्नचा कुत्रा आहे.
त्याला तिनं काहीही लावलेलं नाही.