अनुकंपा तत्त्वावर

तीस वर्षं शिवडीच्या छापखान्यात
मी दुसऱ्यांच्या दुःखातले ऱ्हस्व-दीर्घ तपासले.
'भावपुर्ण'चा पु दीर्घ केला.
'श्रध्दांजली' लिहू नका रे, द आधी, ध नंतर,
हे फ्लेक्सवाल्या पोरांना इतक्यांदा सांगितलं
की ती मला ध-काका म्हणायला लागली.

एकाने मजकूर आणला होता:
'या दुःखद प्रसंगी आम्हाला आपली कीव येते.'
मी कीव खोडली.
कीव वरून पडते, त्याला कसं सांगणार,
कणव शेजारी येऊन बसते,
हळहळ उंबऱ्यावरूनच परत फिरते.
आणि चुकचुकणं, ते तर पालीलाही जमतं.

मग भालचंद्र तांडेल गेला.
महापालिकेचा माणूस, मलनिस्सारण खातं,
आठ दिवसांच्या तापात.
तयार वाक्य घेऊन मी तीन मजले चढलो.
'आपल्या दुःखात सहभागी आहे.'
दुसऱ्या मजल्यावर त्यातलं 'सहभागी'
भागीदारीतल्या धंद्यासारखं ऐकू आलं,
तेही जिन्यातच टाकलं.

हेमांगीवहिनींनी पाणी दिलं.
मग एक अर्ज पुढे केला.
"बघा जरा. शब्द चुकला तर परत पाठवतील."
'अनूकंपा तत्वावर नोकरी मिळणेबाबत.'
नू दीर्घ. तत्त्वात एक त कमी.
मी पेन काढलं.
"म्हणजे काय हो नक्की?
जो तो म्हणतो, अनुकंपावर लाग, अनुकंपावर लाग,
जसं काही बसचं नावच."

मी सुरू केलं: अनु म्हणजे मागून,
कंप म्हणजे थरथर,
एक थरथरला की त्याच्यामागून दुसरा...

कागदाचं एक टोक त्यांच्या हातात होतं,
दुसरं माझ्या.
कोणाचा हात हलत होता कळेना.
पेन नू वर टेकेना.
"राहू दे," त्या म्हणाल्या, "शाई पसरेल."

निघताना 'येतो' ओठांवर आलं.
दुखवट्याच्या घरून येतो म्हणत नाहीत.
जातो तर कुठूनच नाही.
चपला हातात घेऊन उतरलो,
का, कोण जाणे.

नाक्यावर फ्लेक्स लागला होता.
भालचंद्र, चष्म्याशिवाय, हसरा.
खाली 'श्रध्दांजली', ध आधी, द नंतर.
शिडीवरचं पोर दोरी आवळत होतं,
डोळे सुजलेले.
"बोला, ध-काका," ते म्हणालं,
"बोला ना काय ते."

मी शिडी धरून उभा राहिलो.