रकाना

एप्रिलातला अग्निशमन सप्ताह.
डांबरात चपलेचा ठसा उमटावा असं ऊन,
आणि फायर स्टेशनच्या मागल्या पत्र्याच्या शेडमध्ये
वर्षातून सात दिवस उघडणारं संग्रहालय.
फुकट होतं, म्हणून गेलो. खोटं कशाला बोलू.

श्रीजाला लाल गाडीवर चढायचं होतं,
व्यंकटेशला पंपाचं मशीन बघायचं होतं,
अत्तम्माला काहीच बघायचं नव्हतं.
ती दाराशी स्टुलावर बसली, पदरानं वारा घेत,
विड्या वळून वाकडी झालेली बोटं मांडीवर ठेवून.

दाखवायला नदाफमामा, निवृत्त फायरमन.
"हात लावा की ओ, मोडायचं ते सगळं आधीच मोडलंय."
पितळी हेल्मेट श्रीजाच्या डोक्यावरून थेट खांद्यावर उतरलं,
आतून तिचं हसू हंड्यातून यावं तसं आलं.
चामड्याच्या बादल्या. उंदरांनी चाखलेला कॅनव्हासचा पाइप.
बैलांनी ओढायचा पंप, त्याचं जू हरवलेलं.
"बैल कुठं असायचे?" व्यंकटेशनं विचारलं.
"दिवसा कचऱ्याच्या गाडीला. वर्दी आली
की आधी बैल शोधायचे, मग आग."
सगळे हसले. दारातून अत्तम्माही.

शेवटच्या टेबलावर, काचेखाली, वर्दीची नोंदवही.
मधलंच कुठलं तरी पान उघडं.
श्रीजा हल्ली दिसेल ते वाचते, दुकानांच्या पाट्यासुद्धा.
बोट काचेवर ठेवून तिनं सुरू केलं:
"रात्रौ दोन वाजून दहा मिनिटे. साखर पेठ.
हातमाग शेड. कारण, चिमणी कलंडून.
नुकसान, माग चार, सूत सहा गठ्ठे, छप्पर पूर्ण.
जीवितहानी…"
इथं अक्षर लफ्फेदार, ती अडली,
"नि-रं-क. म्हणजे काय?"
"म्हणजे कुणी गेलं नाही," मी म्हटलं.

स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"शेळी होती."

अत्तम्मा आमच्या मागे उभी होती.
"गाभण होती. बाहेर थंडी, म्हणून आत घेतलेली.
कोपऱ्यातल्या मागाला दावं मीच बांधलं.
दोन गाठी मारल्या. एक मारायची, तर दोन."

व्यंकटेश बेचाळीस वर्षांचा आहे.
चार माग त्याला पाठ आहेत, सहा गठ्ठेही,
वडिलांनी ते कर्ज किती वर्षं फेडलं तेही.
शेळी त्याला आज कळली.

आणि मला आमच्या गॅसजवळची स्टीलची वाटी आठवली,
पाणी भरलेली. काडी ओढली, विझली,
तरी अत्तम्मा ती वाटीत बुडवते. लायटर आणून दिला तरी काडीच.
संध्याकाळपर्यंत वाटीत काळ्या डोक्यांची गर्दी.
नवी नवरी असताना आईला फोनवर सांगून
किती हसले होते मी.

नदाफमामांनी खिशातलं पेन काढलं,
काचेकडे पाहिलं, परत ठेवलं.
"जनावरांचा रकाना नव्हता ओ आजी, त्या छापील कागदात.
नुकसानीत धरायला पाहिजे होतं."
"नुकसानीत," अत्तम्मा म्हणाली.
एवढंच. विचारल्यासारखंही नाही.

मग कुणी तरी काही तरी बोलायला हवं होतं,
म्हणून मामांनी घंटा दाखवली, गाडीची, जुनी.
श्रीजानं दोरी ओढली. पत्र्याचं शेड दणाणलं.
पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढायच्या आत
अत्तम्मानं तळहात घंटेवर ठेवला,
तापलेल्या तव्यावर ठेवावा तसा नाही,
तापल्या कपाळावर ठेवावा तसा.
"पुरे," ती म्हणाली, "लोक उठतील."
दुपारचे बारा वाजले होते.

रिक्षात श्रीजानं विचारलंच:
"आज्जी, तिचं नाव काय होतं?"
"नाव कशाला लागतंय? मेका म्हटलं की यायची."
"मेका म्हणजे?"
"शेळीच."

मग घरापर्यंत तेच चाललं,
रिक्षातून डोकं बाहेर काढून, "मेका! ए मेका!"
कन्ना चौकाच्या अलीकडं, एका बंद कारखान्याच्या भिंतीवर
चढलेल्या शेळीनं मान वळवली, खरंच.
श्रीजा ओरडली, व्यंकटेश हसला, रिक्षावालाही.

अत्तम्मा दुसऱ्या बाजूच्या रस्त्याकडे बघत होती.
तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं.