दोन घरं

तिसऱ्या रेल्वे गेटापाशी मालगाडी शिट्टी देत येते
आणि गेट ओलांडताच तिचा सूर उतरतो.
गाडीला त्यातलं काही ठाऊक नसतं.
मी एवढ्यावरच तीन वर्षं काढली:
पृथ्वी फिरते, म्हणून सूर चढतो, उतरतो;
ते वजा कर, मग ऐक.

तारा उद्यमबागेपासून खानापुरापर्यंत, एवढाच.
सेकंदाला दोनशे फेरे.
नीट गोल असेल तर गप्प.
कुठं फुगवटा राहिला असेल तरच अवकाश हलतं,
बारीक, न थांबता.

बाबांना हे समजवावं लागलं नाही.
भरमाणी मुतगेकर, टर्नर, एकतीस वर्षं शाफ्ट.
चकात जॉब धरायचा, डायल गेजची टोच टेकवायची,
हातानं हळू फिरवायचं.
काटा थरथरला की म्हणायचे, "बोलूलालाय बघ."
सरळ शाफ्ट त्यांच्याशी कधी बोलला नाही.

रात्री शेडच्या माळ्यावर मी डेटा चाळते.
रेघा येतात. पहिली साठची,
तिकडच्या विजेची गुणगुण.
(इथली पन्नासची खालच्या मोटारीतून
पायाच्या तळव्यांना लागते.)
मग पंपाची. मग कुणी चालू ठेवलेल्या पंख्याची.
एकेक खोडते.
गेल्या श्रावणात एक उरली.
अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही,
जेवताना आमटीत मीठ नव्हतं तेही कळलं नाही.
बाराव्या दिवशी दुसऱ्या वेधशाळेचा डेटा आला,
त्यात ती नव्हती.
कॉम्प्रेसर.

भट्टीवरचा इराप्पा विचारतो, "सिक्तेन?"
"इल्ल री."
तो मान हलवतो, जणू पान्ह्याबद्दल विचारलं होतं.

आता लिहायचं ते एकच वाक्य:
फुगवटा असलाच तर इतक्याहून उंच नाही.
याला वरची सीमा म्हणतात.
सीमा. आमच्याकडं हा शब्द काढला
की टपरीवरचा एकजण सावरून बसतो,
एकजण चहा अर्धा ठेवून उठतो.
ही मात्र न सापडण्याची नुसती कड.
दरसाल थोडी आत सरकते,
कुणाला न विचारता.

बाबांनी आकडा विचारला.
मिलिमीटरचे दोन शतांश.
"डायलवर दोन घरं," म्हणाले,
चष्मा कपाळावर सारला,
"वीस किलोमीटरच्या जॉबला?"

बराच वेळ गप्प होते.
मग सकाळीच पास केलेला शाफ्ट
रॅकवरून काढला, फडक्यानं पुसला,
पुन्हा चकात धरला.